जपानची सावड

शुक्रवारी सकाळी धोंडिबा जमादार गेले. शाळा भरली होती. विठ्ठल दारात आला, "काका गेले" म्हणाला आणि परत फिरला. मी मुलांना घरी सोडलं. भिंतीवरचा जगाचा नकाशा काढला, गुंडाळला आणि कपाटात ठेवला.

तो नकाशा खरं तर जमादारांसाठीच भिंतीवर असायचा. मुलांना तो वर्षातून दोनदा लागे, जमादारांना आठवड्यातून दोनदा. शाळा सुटली की ते यायचे, वहाणा दाराबाहेर काढायचे आणि हातातल्या काठीनं मला जग समजावून सांगायचे. पुण्याहून येणारं वर्तमानपत्र मी चावडीवर मोठ्यानं वाचायचो. एक दिवस शिळं असायचं ते. वाचणं माझ्याकडे होतं. वाचलेल्याचा अर्थ काय, हे ठरवणं त्यांच्याकडे होतं. त्यांची काठी सगळ्यात जास्त इटलीवर टेकायची. टेकून टेकून तिथं भोक पडलं. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना इटली नावाचा देश आहे हे पक्कं ठाऊक आहे, पण तो दिसतो कसा हे कुणालाच ठाऊक नाही.

तसे ते जमादार नव्हते. पलटणीत ते खेचरांच्या तुकडीत होते आणि नाईक होऊन परत आले. जमादार हा हुद्दा गावानं दिला आणि सरकारनं त्याला कधी हरकत घेतली नाही. धोतरावर खाकी जर्सी घालत, ती उन्हाळ्यातही निघत नसे. नांगर धरला की बैलांना 'प्रेस्तो, प्रेस्तो' म्हणत, म्हणजे चला लवकर. मुळशीच्या खोऱ्यात इटालियन समजणारी तेवढीच एक जोडी होती.

जगाबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. पौडला बाजारात, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या सभेत, कुठंही तो ऐकायला मिळे.

"गुरुजी, देश म्हंजी काय वो? मोठं गाव. आन् गावाला नाती तीनच आसत्यात. भाऊबंद, सोयरा आन् शीवशेजारी. भाऊबंद भांडतो, सोयरा रुसतो आन् शीवशेजारी बांध कोरतो. ह्येच्या भायेर जगात काय न्हाई."

एकदा हे मान्य केलं की पुढचं सोपं होतं. पाकिस्तान भाऊबंद, त्यात विचारायचं काय. इंग्रज हा घरजावई. जेवायला म्हणून आला आणि सासऱ्यालाच ओसरीवर झोपवलं. रशिया लांबचा मामा, येत नाही पण आपल्या बाजूनं बोलतो. अमेरिका ही श्रीमंताघरची विहीण. देते भरपूर, पण दिलेलं गावभर सांगते. रेशनवर तिकडचा गहू यायला लागला तेव्हा जमादारांनी पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "आता वर्षभर आयकावं लागंल."

मिसर देशानं कालवा आपल्या ताब्यात घेतला ती बातमी मी वाचली, तेव्हा चावडीवर बराच काथ्याकूट झाला. जमादारांनी तो एका वाक्यात मिटवला. पाट ज्याच्या रानातून जातो त्याचा. त्या पाटाच्या कडेनं त्यांनी स्वतः खेचरं नेली होती, त्यामुळे पुढं कुणी बोललं नाही.

इटलीचं मात्र वेगळं होतं. इटली ही आधी दुश्मन होती आणि नंतर सोयरी झाली, आणि हे जमादारांच्या डोळ्यांदेखत झालं. डोंगरातल्या एका खेड्यात त्यांची तुकडी थांबली होती. थंडी मरणाची. एका घरात एक म्हातारी तांब्याच्या पातेल्यात पिवळं काहीतरी घाटत होती. जमादारांना वाटलं, पिठलं. म्हातारीनं ते त्यांच्या थाळीत वाढलं. तोंडात घातलं तर मक्याचं पीठ, आणि बिनमिठाचं म्हणावं इतकं अळणी. जमादारांनी खिशातून घरच्या मिरचीची पूड काढून त्यावर टाकली. म्हातारीनं हातानंच विचारलं, हे काय? त्यांनी चिमूटभर तिच्याही पातेल्यात टाकली. म्हातारी खोकली, रडली, देवाचं नाव घेतलं, जमादारांच्या पाठीत लाटणं घातलं. आणि मग पातेलं संपवून उरलेली मिरची मागून घेतली.

"दुश्मन आन् सोयरा ह्येच्यामधी अंतर किती म्हनाल, तर येक मिरची," ते म्हणायचे. आणि काठी भोकात घालायचे.

चीनबद्दल मात्र ते पहिल्यापासून साशंक होते. दोन्ही देश भाऊ-भाऊ म्हणून पुण्यात मिरवणुका निघाल्या, तेव्हा चावडीवरची तरुण मंडळी फार खुशीत होती. जमादार मान हलवत राहिले. शीवशेजाऱ्याला राम राम घालावा, सणाला जेवायला बोलवावं. पण भाऊ म्हणू नये आणि सोयरीक तर करूच नये. सोयऱ्याचं घर आपल्या अंगणातून दिसता कामा नये. हे बोलताना ते ओढ्याच्या दिशेनं बघत, कारण ओढ्यापलीकडे चिंचवली होती.

चिंचवली आणि आमचं गाव यांच्यात रोटीव्यवहार बंद होता. कारण साधं होतं. एका जत्रेत शेवटच्या, मानाच्या नारळाची कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली. आमच्या बाजूनं धोंडिबा, त्यांच्या बाजूनं राणू पैलवान. नारळ कुणाचा, यावरून दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली आणि नारळ देवळाच्या पायरीवर तसाच राहिला. पुढं मोठी लढाई झाली, धोंडिबा समुद्रापार जाऊन आले, देश स्वतंत्र झाला, पण आमचा माणूस चिंचवलीत पाणी पीत नव्हता आणि त्यांचा आमच्याकडे. त्या नारळाला कोंब फुटून देवळाशेजारी झाड झालं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडच्या थंडीत नारळ लागत नाही.

तीन नात्यांच्या या जगात एका देशाला जागा नव्हती. काठी नकाशावरून फिरत फिरत जपानपाशी आली की उचलली जायची आणि पलीकडे समुद्रात ठेवली जायची. गावात कुणी त्याबद्दल विचारत नसे.

जमादारांचे थोरले भाऊ गेनबा बर्मात गेले होते. दोघं भाऊ एकाच वर्षी भरती झाले. एकाला सरकारनं पश्चिमेला धाडलं, एकाला पूर्वेला. पश्चिमेचा परत आला. पूर्वेच्या भावाबद्दल 'बेपत्ता' एवढंच कळलं आणि त्यानंतर काही कळलं नाही. गेनबांची बायको भागावैनी. बेपत्ता म्हणजे मेला असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणून त्या कुंकू लावायच्या. रोज, ठसठशीत. जमादारांची स्वतःची बायको लवकर गेली होती. त्या घरात जमादार, भागावैनी आणि वैनींचा मुलगा विठ्ठल अशी तिघंच होती. दाराच्या चौकटीवर गेनबांचा वर्दीतला फोटो होता.

जमादार मला एकदा नकाशासमोर उभे असताना म्हणाले होते, "येक जपानी भेटू द्या मला, गुरुजी. येकच. त्याला इचारनार हाय, बर्मात आमच्या मानसाचं काय क्येलंत." थोड्या वेळानं म्हणाले, "इंग्रजीत त्येवढं तयार ठिवा." मी ते वाक्य तयार केलं. मुळशीत जपानी कुठून यायचा, असं मनात म्हणालो आणि विसरून गेलो.

तो आला.

त्या वर्षांत सरकारनं जपानी पद्धतीच्या भातशेतीचा मोठा घोशा लावला होता. भात विस्कटून लावायचा नाही, दोरी धरून ओळीत लावायचा, रोपांत वीतभर अंतर ठेवायचं. गावात याची पुष्कळ टिंगल झाली. भाताला काय कवायत करायची आहे का, असं सगळे म्हणत. कवायत या शब्दामुळे जमादारांना ती पद्धत आतून पसंत पडली असावी, पण तिचं नाव ऐकून ते गप्प बसत. अशात शेतीखात्याच्या साहेबांनी कळवलं की एक जपानी जाणकार तालुक्यात येणार आहेत आणि ओळीतली आवणी, म्हणजे रोपांची लावणी, प्रत्यक्ष दाखवणार आहेत. त्यांना बारमाही पाण्याचं, रस्त्याजवळचं खाचर हवं होतं. असं खाचर गावात एकच होतं, जमादारांचं.

गावानं गळ घातली. तालुक्याचा मान आहे, चिंचवलीनं आपलं खाचर द्यायची तयारी दाखवली आहे, वगैरे. चिंचवलीचं नाव निघालं तेव्हा जमादार तयार झाले, पण एका अटीवर. जपानी साहेबानं जे सांगायचं ते बांधावरूनच सांगायचं. बूट काढायचे नाहीत.

या अटीचं कारण शेतीखात्याला कळलं नाही, आम्हाला कळलं. आमच्याकडे आवणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात उतरायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. एक दिवस दिला की एक दिवस फेडायचा. आणि आवणीच्या दिवशी खाचराच्या चिखलात ज्याचा पाय पडला, तो कुणीही असो, त्याला त्या घरी जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. त्याची सावड आपल्यावर चढली. जपान्याचा पाय चिखलात पडला तर तो भागावैनींच्या चुलीपुढं बसणार होता. जमादारांना त्याला प्रश्न विचारायचा होता, जेवू घालायचं नव्हतं.

पाहुण्यांचं नाव होतं मोरी. आलेल्या पाहुण्याला मोरी कसं म्हणायचं, म्हणून गावानं सभ्यपणानं त्यांना मोरे करून टाकलं. मोरे म्हणजे जावळीचे, आपल्यातलेच, असं कुणीतरी म्हणालं. जमादार म्हणाले, मोऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

ठरल्याप्रमाणे मोरी छत्री घेऊन बांधावर उभे राहिले. साठीकडे झुकलेला बारीक माणूस, डोळ्यांवर गोल चष्मा. त्यांनी जपानातल्या आपल्या गावाहून स्वतःची दोरी आणली होती, तिला वीतवीतभर अंतरावर गाठी. दोन गड्यांनी ती खाचरात ताणून धरली आणि इरली पांघरलेल्या बायका गाणं म्हणत गाठीगाठीशी रोप खोवू लागल्या. पाऊस लागून होता. जमादार दुसऱ्या बांधावर पाठमोरे उभे होते. भागावैनी ओळीत सगळ्यात शेवटी होत्या आणि त्यांची ओळ वाकडी जात होती. मला वाटतं, त्या मुद्दाम वाकडी नेत होत्या.

मोरी काहीतरी म्हणाले. शेतीखात्याच्या साहेबांनी ते मोठ्यानं मराठीत ओरडून सांगितलं. ओळ वाकडीच गेली. मोरी पुन्हा बोलले, साहेब पुन्हा ओरडले, बायका हसल्या. मग मोरींनी छत्री मिटली. बूट काढले, ते शेजारी शेजारी जुळवून ठेवले, मोज्यांची घडी करून बुटांत घातली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरले.

गाणं थांबलं. सगळे जमादारांकडे बघायला लागले.

मोरींनी वैनींच्या शेजारी जाऊन मूठभर रोपांचा तरवा उचलला आणि लावायला सुरुवात केली. वाकून, तीन बोटांनी मूळ दाबत, मागं मागं सरकत. एक बाई हळूच म्हणाली, "आपल्यावाणीच मागं मागं चालतोय की गं ह्यो." भागावैनी क्षणभर ते हात बघत राहिल्या. मग पाटात हात धुतले, बांधावर आल्या आणि घराकडे चालू लागल्या. जाताना दिराला एवढंच म्हणाल्या, "येक मानूस वाढलं."

जमादार माझ्याजवळ आले. "ह्येनं घोळ क्येला, गुरुजी," ते म्हणाले. "वाक्य ध्यानात हाय न्हवं?"

शेतीखात्याचे साहेब तलाठ्याकडे जेवायला गेले, म्हणून मोरींच्या शेजारी पाटावर मी बसलो. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होतं आणि दोन्ही लाजत होती. मोरी गुडघे मोडून टाचांवर बसले. वैनींनी ते पाहिलं आणि दुसरा पाट सरकवला, मांडी न येणारा माणूस म्हणून. समोर जमादार. त्यांनी एक घास घेतला आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसले.

त्यांना थांबणं भाग होतं. आमच्याकडे जेवणाऱ्याला जड गोष्ट विचारत नाहीत. ताटावर बसलेल्या माणसाला मयताची बातमीही हात धुतल्यावरच सांगतात. जमादार पाहुण्याचा हात धुण्याची वाट बघत होते.

खेकड्याचं कालवण होतं आणि आंबेमोहोराचा भात. मोरींनी खेकड्याची नांगी दाताखाली धरून अशी काही फोडली की वैनी चुलीपासून वळून बघू लागल्या. आतलं कणही न सांडता काढलं. भात संपवला, शेवटचं शीत बोटानं टिपून घेतलं, ताट लख्ख केलं. वैनींनी लगेच भात वाढला. मोरींनी मान लववली आणि तोही संपवला. ताट पुन्हा लख्ख. वैनींनी पुन्हा वाढला.

तिसऱ्या वेळी मोरींच्या कपाळावर घाम आला. चौथ्या वेळी त्यांनी चष्मा काढून ठेवला. तरी ताटात शीत राहिलं नाही. मी इंग्रजीत चाचरत विचारलं, आणखी हवं आहे का? ते दम खात म्हणाले की त्यांच्या घरी ताटात भाताचा दाणा ठेवणं म्हणजे पिकवणाऱ्याचा अपमान. लहानपणी आईनं हात धरून शिकवलं आहे. एवढं बोलून ते पुन्हा जेवू लागले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे ताट साफ केलं की पोट भरलं. आमच्याकडे ताट साफ केलं की वाढा. पाहुणा आमचा मान राखत होता, वैनी पाहुण्याचा मान राखत होत्या, आणि असं चालू राहिलं तर शेतीखात्याला जाणकाराशिवाय परत जावं लागणार होतं. मी हे जमादारांच्या कानात सांगितलं.

जमादार बघतच राहिले. "म्हंजी ह्यो आपल्या भातापायी मराय बसलाय?"

आणि हसू लागले. त्यांना आवरेना. जर्सीच्या बाहीनं डोळे पुसले आणि हात लांब करून मोरींच्या ताटावर आडवा धरला. "बास, वैनी. पाव्हना जाईल आपल्या हातनं."

वैनी भाताचं पातेलं घेऊन उभ्याच होत्या. त्यांचं डोकं पदरात होतं, आवाज बारीक होता.

"मला कळतंय की," त्या म्हणाल्या. "ताट हाय तवर तुमी इचारनार न्हाई. म्हनून वाढतीया."

ओसरीवरच्या पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या. मोरी काही न समजून एकदा जमादारांकडे, एकदा वैनींकडे बघत होते.

"मला आयकायचं न्हाई, भावजी," वैनी म्हणाल्या. "तुमी इचारलं आन् त्यानं सांगितलं, तर मला कपाळ पुसावं लागंल. त्याला उठू द्या. पर इचारू नगा."

जमादारांनी ताटावरचा हात काढला नाही.  मग म्हणाले, "न्हाई इचारत."

वैनींनी पातेलं खाली ठेवलं. आमच्या गावात झालेला परराष्ट्रांशी पहिला तह तो हा. मोरींनी हात धुतले. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं वाक्य जुळवायला लागलो तर ते म्हणाले, "इचारा त्यास्नी, पान चालतं का."

निघताना मोरी उंबऱ्यात थबकले. वर फोटो होता. त्यांनी चष्मा पुसून घातला, वर्दी पाहिली, आणि मला हळू आवाजात विचारलं, कोण? मला वाटतं, त्यांना विचारण्याआधीच कळलं होतं. मी जमादारांकडे पाहिलं. ते विड्याला चुना लावत होते आणि तो चुना काही संपत नव्हता. उत्तर वैनींनी दिलं.

"घरधनी हायेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच मुलखाच्या अंगाला गेल्यात. दिसले तर सांगा म्हनावं, आवनी झाली."

मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. माझ्या इंग्रजीत व्याकरणाच्या चुका होत्या. मोरींनी सगळं ऐकून घेतलं. मग ते कमरेतून वाकले, फोटोला का वैनींना ते कळेना, आणि बराच वेळ वाकून राहिले. इतका वेळ की वैनींनीही अवघडून हात जोडले. मग ते बाहेर गेले, जीपमधून दोरीचं वेटोळं काढून आणलं आणि जमादारांच्या हातात ठेवलं.

त्यानंतर जगाच्या नकाशापुढं उभं राहून मी एकदा मुद्दाम विचारलं. जपान काय म्हणायचा? भाऊबंद, सोयरा की शीवशेजारी?

जमादारांनी काठी उचलली आणि पहिल्यांदा जपानवर ठेवली. हलकेच, भोक पडणार नाही अशी. "ह्यो चौथा," ते म्हणाले. "ह्यो सावडीचा. आपल्या चिखलात उतरला, आपल्या घरी जेवला. त्येचा येक दिस आपल्यावर हाय. फेडाय पायजे."

हे ते थट्टेनं म्हणत नव्हते. मोरींचं गाव नक्की कुठं, तिकडं आवणी कोणत्या महिन्यात, बोटीला किती दिवस लागतात, याची चौकशी त्यांनी माझ्याकडे पुष्कळ केली. बोट त्यांना ठाऊक होती. पण पश्चिमेची. दरवर्षी आषाढात खाचर ओळीत लावायचं आणि बांधावर उभं राहून म्हणायचं, "त्येची सावड ऱ्हायलीच." पीक वाढलं की नाही यावर गावात अजून एकमत नाही. जमादारांच्या खाचराला मात्र सगळे पलटण म्हणू लागले.

मग चीननं बांध कोरला. चावडीवरच्या लोकांनी जमादारांना म्हटलं, तुमचं खरं झालं. त्यांनी ते श्रेय घेतलं नाही. रेडिओ लागला की ते उठून बाहेर जाऊन उभे राहत. त्या दिवसांत सरपंचांच्या पुतण्यानं एक टूम काढली की गावात चपट्या नाकाच्यांची शेती नको, ती दोरी होळीत घाला. चिनी काय आणि जपानी काय, तोंडं सारखीच.

जमादार शांतपणे म्हणाले, "आसं? मग तू आन् चिंचवलीवालं येकच म्हनायचं. नाक त सारखंच दिसतंय."

पुतण्या नाकाला हात लावत घरी गेला. दोरी जमादारांच्या ओसरीवर खुंटीला राहिली. पावसानं ती कुजायची, एखादी गाठ सुटायची, मग जमादार अंबाडीचा वाख वळून तेवढा तुकडा जोडायचे.

शेवटची काही वर्षं त्यांचे गुडघे दुखत. छातीतही कळ येई, पण ते सांगत नसत. ते गेले त्याआधीच्या आषाढात एका सकाळी मी शाळेच्या दारात उभा होतो. जमादार समोरून चालले होते. खांद्यावर दोरीचं वेटोळं, डोक्यावर इरलं, आत खाकी जर्सी. घरची आवणी तर आदल्या दिवशी उरकली होती. मी विचारलं, कुठं निघालात?

"जपानला," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पोचायचं न्हाई आता, गुरुजी. गुडघं न्हाई म्हंत्यात. पर सावड आंगावर घिऊन जावं वाटंना. जेवढं जाववंल तेवढं जातो. त्या वाटंला पैलं गाव चिंचवली लागतं."

चिंचवली पूर्वेला नाही, उत्तरेला आहे. भूगोल मी शिकवतो. 

ते ओढ्यात उतरले. पाणी मांडीपर्यंत होतं, त्यांनी काठी टेकत टेकत पार केलं. पलीकडच्या खाचरात राणू पैलवानाची आवणी चालू होती. बांधावर राणू स्वतः उभा होता, म्हातारा, घोंगडी पांघरून. जमादार त्याच्यापासून दहा पावलांवर थांबले. काय बोलले ते पावसात ऐकू आलं नाही.  मला इतकंच दिसलं की त्यांनी वहाणा काढल्या, मोरींनी बूट ठेवले होते तशा जुळवून ठेवल्या, आणि खाचरात पाय घातला.

आता राणूचा इलाज नव्हता. खोऱ्यातल्या सगळ्या गावांची रीत त्यालाही लागू होती.  मग त्यानं घोंगडी बांधावर टाकली, दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि पलीकडच्या बांधाकडे चालत गेला. दोघांनी दोरी ताणली. मध्ये बायका उभ्या होत्या आणि दोन म्हातारे दोन टोकांनी दोरी ओढत होते. कुस्ती पुन्हा सुरू झाली की काय असं लांबून वाटावं. दोरी सरळ झाली, टोकं गड्यांनी धरली. जमादार वाकले आणि रोप लावत मागं मागं सरकू लागले. शाळेची घंटा द्यायची वेळ झाली म्हणून मी आत गेलो. मी त्यांना वाकलेलं पाहिलं ते तेवढंच. त्यानंतरही ते मला अनेकदा भेटले, पण आठवताना मला ते तिथंच दिसतात.

संध्याकाळी ते ढेकर देत परत आले. वैनींनी विचारलं, जेवलात का नीट? जमादार म्हणाले, "पाच येळा वाढलं. मी बी दर टायमाला ताट चाटून-पुसून मोकळं क्येलं. राणूची बायकू शेवटाला रडकुंडीला आली. मोऱ्याची रीत लई भारी हाय."

माघात ते गेले. त्या शुक्रवारी दुपारी ओढा ओलांडून चिंचवलीची माणसं आली. राणू पैलवान पुढं होता. त्याच्या हातात एक नारळ होता. तो त्यानं जमादारांच्या उशाशी ठेवला आणि बाजूला जाऊन बसला. पंचांपैकी कुणी हयात नव्हतं, त्यामुळे यावर निर्णय देणारं कुणी नव्हतं.

त्याला आता दोन आवण्या झाल्या. नकाशा मी पुन्हा भिंतीवर लावला आहे. दोरी विठ्ठलच्या ओसरीवर खुंटीला असते. आषाढात ती आधी चिंचवलीला जाते आणि मग आमच्याकडे येते. तिच्यात जपानची दोरी किती उरली आणि आमची अंबाडी किती, हे उकलल्याशिवाय कळणार नाही, आणि ती उकलायला दोन्ही गावांत कुणी तयार नाही. भागावैनी कुंकू लावतात. आवणीच्या दिवशी त्या एका माणसाचं जास्त रांधतात.